अनुक्रमणिकेतले आकडे कोण मोजतं?

मागच्या व्याख्यानात आपण वर्ड प्रोसेसरमधल्या स्टाइल म्हणजे काय ते पाहिलं. शेवटी प्रश्नांच्या वेळी बऱ्याच जणांनी फिरून फिरून एकच विचारलं: प्रकरणाला १, उपप्रकरणाला १.१, मग १.२ असे आकडे आपोआप यायला पाहिजेत, ते येत का नाहीत? काहींची तक्रार आणखी बारीक होती. आकडे मजकुरात दिसतात, पण अनुक्रमणिकेत गायब. तेव्हा आजचा सगळा वेळ या एकाच प्रश्नाला देऊ.

आधी एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे एका ताईंचा पीएचडीचा प्रबंध आला होता. मराठीतला, सात प्रकरणं, तीनशेच्या आसपास पानं. सगळे आकडे हाताने टाइप केलेले आणि अनुक्रमणिकासुद्धा हातानेच, टिंबं देत देत पान क्रमांकापर्यंत नेलेली. प्रबंध जवळपास पूर्ण झाल्यावर मार्गदर्शक म्हणाले, तिसरं प्रकरण फार लांबलंय, त्याची दोन करा. झालं. चौथ्याचं पाचवं, पाचव्याचं सहावं, असं शेवटपर्यंत. ताईंनी दोन रात्री बसून प्रत्येक शीर्षक बदललं, अनुक्रमणिका बदलली, आणि प्रबंध बाइंडिंगला दिला.

राहिलं काय, तर मजकुराच्या पोटातली वाक्यं. ‘याची चर्चा आपण ४.२ मध्ये करणार आहोत’, ‘५.३ मध्ये दिल्याप्रमाणे’ अशी चाळीसेक वाक्यं तीनशे पानांत विखुरलेली होती. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी सहज ४.२ उघडलं, तर तिथे भलतंच काही. मग त्यांनी दुसरं वाक्य तपासलं, तेही चुकलेलं. ‘संदर्भ देण्यात निष्काळजीपणा’ असा शेरा आला. वास्तविक त्या बाईंचं काम अतिशय काटेकोर होतं. पण वाचणाऱ्याला ते दिसणार कसं? तो बिचारा सांगितलेल्या पत्त्यावर गेला आणि त्या घरात दुसरंच कुणी राहत होतं. शेवटी शुद्धिपत्र जोडावं लागलं.

आता ही चूक टायपिंगची होती का? आमच्या मते नाही. ताईंनी आकडा हा मजकुराचा भाग समजला, खरी गफलत तिथे झाली. ‘४.२’ हे तीन खुणांचं अक्षरलेखन नव्हे. ते त्या भागाचं स्थान आहे: चौथ्या प्रकरणातला दुसरा भाग. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाच्या पाठीवर खडूने आकडा लिहिला आणि मध्येच दोन पाहुणे येऊन बसले, तर पुढच्या सगळ्यांच्या पाठी पुसाव्या लागतील. त्यापेक्षा पाठीवर काही लिहूच नका. कोण कुणाशेजारी बसलंय तेवढं बघा आणि लागेल तेव्हा मोजा. वर्ड प्रोसेसर हे मोजण्याचं काम फुकट करतो. त्याला फक्त सांगावं लागतं की हा माणूस पंगतीतला आहे आणि हा वाढपी आहे. म्हणजे हे शीर्षक आहे आणि हा साधा परिच्छेद आहे.

पुढे जाण्याआधी थोडं विषयांतर, पण उपयोगी आहे. आकड्यांचे असे पत्ते आपल्याला नवे नाहीत. दासबोध घ्या. २० दशक, प्रत्येक दशकात १० समास, एकूण २०० समास. कुणी म्हणालं ‘दशक अकरा, समास पाच’, तर तुमच्याकडे कुठल्याही प्रकाशनाची, कुठल्याही आकाराची प्रत असू दे, तुम्ही नेमक्या जागी पोचता. पान क्रमांक प्रत बदलली की बदलतो, हा पत्ता बदलत नाही. ‘११.५’ म्हणजे हेच की. फक्त मधे टिंब आलं.

आणि हे टिंब दशांश चिन्ह नाही बरं का. १.९ नंतर १.१० येतं, आणि १.१० म्हणजे १.१ नव्हे. शाळेतल्या गणिताच्या सवयीने पुष्कळ लोक इथे अडखळतात, १.९ नंतर थेट २ लिहितात नाहीतर १.९१ असं काहीतरी करतात. हे टिंब म्हणजे ‘च्या आतला’ एवढंच. या पद्धतीसाठी आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे, आयएसओ २१४५, १९७८ सालचं. त्यात दोन पातळ्यांच्या मध्ये टिंब द्यावं आणि शेवटच्या आकड्यानंतर देऊ नये असं सांगितलंय. म्हणजे ‘१.२’, ‘१.२.’ नव्हे. आपल्याकडे दोन्ही चालतं, पण एका पुस्तकात एकच चालवा एवढी विनंती.

आता याच्या उलट बाजूचं उदाहरण. आपल्या राज्यघटनेत शिक्षणाच्या हक्काचं कलम २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आलं. ते २१ आणि २२ च्या मध्ये बसवायचं होतं. मग २२ चं २३ केलं का? नाही. त्याला २१-अ म्हटलं आणि बाकीचे आकडे जिथल्या तिथे ठेवले. कारण न्यायालयांचे निकाल, पुस्तकं, अर्ज, सगळीकडे जुने आकडे लिहिलेले आहेत. ते हलवले तर जुना एकही संदर्भ जागेवर सापडणार नाही. घटनेत मूळ ३९५ कलमं होती. नंतर कितीतरी मध्ये घुसली, तरी शेवटचा आकडा आजही ३९५ च आहे.

यातून आपल्याला काय घ्यायचंय? प्रकाशित झालेल्या मजकुराचे आकडे गोठलेले असतात, ते हलवायचे नाहीत. लिहून होत असलेल्या मजकुराचे आकडे मात्र हललेच पाहिजेत. आपला कच्चा खर्डा म्हणजे काही राज्यघटना नव्हे. पण हाताने आकडे टाइप केले की आपण पहिल्या दिवसापासूनच त्याला गोठवून टाकतो, आणि मग एखादा भाग मध्ये घालायचा म्हटलं की अंगावर काटा येतो. आम्ही असे लेखक पाहिलेत, ज्यांनी आकडे बदलायचा कंटाळा म्हणून एक आवश्यक उपप्रकरण पुस्तकात घातलंच नाही.

तर आता प्रत्यक्ष कृती. आम्ही लिबरऑफिस रायटर वापरून दाखवतोय. तो फुकट आहे, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे आहे. वर्डचं वेगळेपण जिथल्या तिथे सांगत जाऊ.

पहिली पायरी मागच्या वेळचीच. प्रकरणाच्या शीर्षकावर कर्सर ठेवा आणि कंट्रोल धरून १ दाबा. त्याला ‘हेडिंग १’ ही स्टाइल लागली. उपप्रकरणाला कंट्रोल आणि २, त्याच्या आतल्या भागाला कंट्रोल आणि ३. वर्डमध्ये कंट्रोलसोबत ऑल्टही धरायचं. शीर्षक नुसतं ठळक करून, मोठं करून भागत नाही. माणसाच्या डोळ्याला ते शीर्षक वाटेल, यंत्राला तो फक्त जाड अक्षरांतला परिच्छेद दिसतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात म्हणून तर ही चूक इतकी टिकून राहते.

दुसरी पायरी आकड्यांची. टूल्स मेनूमध्ये ‘हेडिंग नंबरिंग’ आहे. तुमची आवृत्ती जुनी असेल तर तिथे ‘चॅप्टर नंबरिंग’ दिसेल, फारच जुनी असेल तर ‘आउटलाइन नंबरिंग’. नाव बदललं, काम तेच. खिडकी उघडली की डाव्या बाजूला १ ते १० अशा पातळ्या दिसतात. पातळी १ निवडा. ‘नंबर’ या खणात मुळात ‘नन’ असतं, म्हणजे आकडा नाही. पुष्कळांचे आकडे येत नाहीत त्याचं कारण एवढंच आहे. तिथे हवा तो प्रकार निवडा. मग पातळी २ निवडा, तिथेही प्रकार निवडा, आणि आता नीट लक्ष द्या, ‘शो सबलेव्हल्स’ असा एक खण आहे. त्यात १ असेल तर उपप्रकरणाला नुसता ‘१’ किंवा ‘२’ मिळतो, प्रकरणाचा आकडा पुढे लागत नाही. तिथे २ करा, म्हणजे ‘१.१’ दिसेल. पातळी ३ ला ३ करा. ‘सगळीकडे नुसते १, २, ३ येतात, १.१ येत नाही’ या तक्रारीचं उत्तर या एका खणात आहे. आमच्या अंदाजाने निम्म्या लोकांचं काम इथेच झालं असेल, त्यांनी आता चहा घ्यायला हरकत नाही.

वर्डमध्ये होम टॅबवर मल्टिलेव्हल लिस्टचं बटण असतं. ते उघडल्यावर छोट्या चित्रांची एक यादी येते. ज्या चित्रात आकड्यांशेजारी ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ असं लिहिलंय, तेच निवडा. शेजारचं चित्र दिसायला तसंच असतं, पण त्याचा शीर्षकांच्या स्टाइलशी काही संबंध नसतो. मग आकडे तेवढ्यापुरते येतात आणि पुढे कुठेतरी भरकटतात.

‘प्रकरण १’ असं शब्दासकट हवं असेल तर तेही टाइप करू नका. त्याच खिडकीत ‘बिफोर’ असा खण आहे, त्यात ‘प्रकरण’ लिहा आणि पुढे एक जागा सोडा. झालं. शीर्षकात फक्त शीर्षक राहील.

किती पातळ्या ठेवायच्या? यंत्र दहा देतं म्हणून दहा वापरायच्या नसतात. आमचं मत विचाराल तर तीन पुरे. ‘२.३.१.४.२’ असा आकडा वाचताना वाचक मागे वळून बघतो की आपण नक्की कुठे आलो. एवढी खोली लागत असेल तर बहुधा प्रकरणाचीच मांडणी पुन्हा करायला हवी. तो दोष आकड्यांचा नाही.

आता मराठीत लिहिणाऱ्यांचा खास प्रश्न. इंग्रजी पुस्तिकांमध्ये याचं उत्तर क्वचितच सापडतं. आकड्यांचा प्रकार निवडायच्या यादीत खाली सरकत गेलात तर देवनागरी १, २, ३ मिळतात. वर्डमध्ये भारतीय भाषा सुरू केलेली असेल तर तिथेही मिळतात. पण तेवढं करून भागत नाही, कारण अनुक्रमणिकेच्या एका ओळीत दोन आकडे असतात: डावीकडे प्रकरणाचा आणि उजवीकडे पानाचा. पानाचा आकडा कुठून येतो? पानाच्या स्टाइलमधून. तिथलं ‘पेज नंबर्स’ तुम्ही बदललं नसेल तर डावीकडे देवनागरी आणि उजवीकडे इंग्रजी आकडे अशी खिचडी होते. छापलेल्या पुस्तकांतही ती दिसते. फॉरमॅट मेनूतून पेज स्टाइल उघडा आणि तिथेही देवनागरी निवडा.

आणखी एक गंमत. शीर्षक झकास मोठ्या अक्षरात आहे, पण त्याच्या आधीचा आकडा बारीक किंवा वेगळ्याच वळणाचा दिसतोय, असं झालंय ना? हात वर करा बरं. बघा, किती! त्याचं कारण असं, की रायटरमध्ये प्रत्येक स्टाइलला एकापेक्षा जास्त फॉन्ट असतात. एक पाश्चात्त्य लिप्यांसाठी, आणि एक ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’साठी, म्हणजे देवनागरी, अरबी अशा लिप्यांसाठी. शीर्षकातली अक्षरं दुसरा फॉन्ट घेतात, पण आकडा इंग्रजी १, २, ३ च्या रूपात असेल तर तो पहिला फॉन्ट घेतो. तुम्ही आकार बदलला एकाचा, दुसरा तसाच राहिला. उपाय दोन: आकडा देवनागरी करा, मग तोही त्याच फॉन्टमध्ये जातो, नाहीतर स्टाइलमध्ये जाऊन दोन्ही फॉन्टचे आकार जुळवा.

ज्यांचं जुनं लेखन युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे, त्यांना मात्र आधी युनिकोड करून घ्या असंच सांगावं लागेल. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरं असतात, वरून देवनागरीचा मुखवटा असतो. अनुक्रमणिका स्वतःची वेगळी स्टाइल वापरते. तिथे तो मुखवटा गळून पडतो आणि शीर्षकांच्या जागी अगम्य इंग्रजी अक्षरं उमटतात. लोकांना वाटतं फाइल बिघडली. बिघडलेली नसते, खरं रूप दिसलेलं असतं.

तिसरी पायरी, अनुक्रमणिका. इन्सर्ट मेनूत ‘टेबल ऑफ कंटेंट्स अँड इंडेक्स’, त्यात पुन्हा जवळपास त्याच नावाचा पर्याय. खिडकी आली की शीर्षकाच्या जागी ‘अनुक्रमणिका’ लिहा, किती पातळ्या दाखवायच्या तो आकडा द्या, आणि ओके. शीर्षकं, आकडे, पानं सगळं हजर.

आकडे हजर नसतील तर? मजकुरात आहेत, अनुक्रमणिकेत नाहीत, ती दुसरी तक्रार. अनुक्रमणिकेवर राइट क्लिक करून ‘एडिट इंडेक्स’ घ्या आणि ‘एंट्रीज’ या टॅबवर जा. तिथे ‘स्ट्रक्चर’ नावाची एक पट्टी आहे, छोट्या बटणांची माळ असावी तशी. प्रत्येक बटण म्हणजे ओळीतला एक तुकडा. नुसतं ‘ई’ म्हणजे शीर्षकाचा मजकूर. ‘टी’ म्हणजे टॅब, तीच ती टिंबांची रांग. नुसतं हॅश चिन्ह म्हणजे पान क्रमांक. आणि ‘ई’ला हॅश जोडलेलं बटण म्हणजे प्रकरणाचा आकडा. ते माळेतून गळालेलं असलं की आकडा दिसत नाही. ‘ई’च्या आधीच्या रिकाम्या जागेत क्लिक करा आणि खालून ‘चॅप्टर नंबर’ घाला. हे प्रत्येक पातळीसाठी करायचंय, एका पातळीत केलं म्हणून सगळीकडे होत नाही. शेजारी ‘ऑल’ असं बटण आहे, ते दाबलंत की तीच माळ सगळ्या पातळ्यांना लागते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा सापळा. शीर्षकांचे आकडे तुम्ही काही हलवलं की त्याच क्षणी बदलतात. अनुक्रमणिका बदलत नाही! ती त्या क्षणाचा फोटो असते. नंतर घरात कितीही माणसं आली-गेली, फोटोत जुनीच दिसणार. राइट क्लिक करून ‘अपडेट इंडेक्स’ म्हटलं की नवा फोटो निघतो. रायटरमध्ये टूल्सखाली अपडेटमध्ये ‘अपडेट ऑल’ आहे, त्याने संदर्भही ताजे होतात. वर्डमध्ये अनुक्रमणिकेत कर्सर ठेवून एफ-९ दाबा. तो विचारेल की फक्त पान क्रमांक बदलू की सगळा तक्ता? सगळा तक्ता म्हणा. कारण शीर्षकात किंवा आकड्यात बदल झाला असेल, तर नुसती पानं बदलून तुम्हाला जुन्या शीर्षकांसमोर नवी पानं मिळतील, आणि ती चूक पटकन डोळ्यांत भरत नाही.

लाटेक्स वापरणारे गणिताचे लोक इथे हसत असतील. त्यांना माहीत आहे की पहिल्या फेरीत शीर्षकं एका वेगळ्या फाइलमध्ये टिपली जातात आणि अनुक्रमणिकेत ती दुसऱ्या फेरीत उतरतात. म्हणून ते फाइल दोनदा चालवतात. तत्त्व तेच आहे. मोजून झाल्याशिवाय यादी करता येत नाही.

आता त्या ताईंच्या चाळीस वाक्यांकडे येऊ. ‘४.२ मध्ये पाहिले’ हे वाक्य लिहिताना ४.२ टाइप करायचं नाही. इन्सर्टमध्ये ‘क्रॉस-रेफरन्स’ घ्या, प्रकार म्हणून ‘हेडिंग्ज’ निवडा, यादीतून ते उपप्रकरण निवडा, आणि ‘नंबर’ म्हणा. वाक्यात ४.२ उमटेल, पण त्याच्या मागे त्या शीर्षकाशी बांधलेला धागा असेल. उद्या ते ५.२ झालं तर वाक्यही ५.२ म्हणेल. वर्डमध्ये रेफरन्सेस टॅबवर हेच आहे. सगळ्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या. अनुक्रमणिका चुकली तर ती पहिल्याच पानांवर असते, कुणीतरी सांगतं. पोटातला संदर्भ चुकला तर तो परीक्षकालाच सापडतो.

पडद्यावर बघा. एफ-५ दाबून नॅव्हिगेटर उघडलाय. सगळ्या शीर्षकांची यादी आली. तिसरं प्रकरण उचलून पाचव्याच्या खाली टाकलं. त्याची उपप्रकरणं, परिच्छेद, सगळा संसार सोबत गेला, आकडे बदलले. आता अपडेट ऑल. अनुक्रमणिका बदलली, वाक्यांतले संदर्भ बदलले. ताईंना दोन रात्री लागल्या होत्या.

काही प्रश्न आलेत, ते घेऊ.

‘प्रस्तावना आणि ऋणनिर्देश अनुक्रमणिकेत हवेत, पण त्यांना आकडा नको.’ बरोबर. त्यांच्यासाठी वेगळी स्टाइल करा, दिसायला हेडिंग १ सारखीच. तिच्या ‘आउटलाइन अँड लिस्ट’ या टॅबमध्ये आउटलाइन पातळी १ द्या, पण लिस्ट देऊ नका. मग ती अनुक्रमणिकेत येते, आकडा घेत नाही. एकच प्रस्तावना असेल आणि एवढा खटाटोप नको असेल, तर शीर्षकाच्या अगदी सुरुवातीला कर्सर नेऊन बॅकस्पेस दाबा. आकडा जातो, शीर्षक राहतं.

‘परिशिष्टांना अ, आ, इ असे क्रमांक द्यायचेत.’ दोन-तीनच परिशिष्टं असतील तर तीच बिनआकड्याची स्टाइल लावा आणि ‘परिशिष्ट अ’ हाताने लिहा. हो, आम्हीच आमचा नियम मोडतोय. पण तीन परिशिष्टांसाठी वेगळी यादी बांधत बसण्यात अर्थ नाही. दहा-बारा असतील तर बांधा.

शेवटचा प्रश्न, आणि हा बहुतेकांच्या मनात असेल: ‘पुस्तक आधीच हाताने आकडे टाकून लिहून झालंय, आता काय?’ आधी फाइलची एक प्रत काढून ठेवा. मग सगळ्या शीर्षकांना स्टाइल लावा आणि नंबरिंग सुरू करा. हाताने टाकलेले आकडे अजून पुसू नका. आता प्रत्येक शीर्षकापुढे आकडा दोनदा दिसेल, एक यंत्राचा, एक तुमचा: ‘२.३ २.३ ओव्यांची रचना’ असा. नॅव्हिगेटरमधून एकेका शीर्षकावर जा. दोन्ही आकडे सारखे असतील तर तुमचा पुसा आणि पुढे चला. जिथे दोन्ही आकडे वेगळे असतील, तिथे थांबा. एखाद्या शीर्षकाला स्टाइल लावायची राहिली असेल, नाहीतर तुमच्या पुस्तकात दोन २.३ असतील. आम्ही केलेल्या जवळपास प्रत्येक जुन्या फाइलमध्ये अशी एक तरी जागा सापडली आहे.